टोपातलं घर

राणीसावरगाव,
ता. १० नोव्हेंबर १९७४

चि. चंद्रभान यास आजीचा जयभीम, अन् तोंडावरून हात फिरवला असं समज.

हे पत्र जरा उलटंपालटं करून बग. अक्षर पंडित गुरुजीचं न्हाई, तुझ्या बापाचं न्हाई, तुझ्या बहिणीचं, पंचफुलाचं पण न्हाई. माझं हाय! गुरुजीच्या प्रौढांच्या वर्गात दोन वरीस पाटी घासली. परवा गुरुजी म्हणले, "चांगुणाबाई, आता नातवाला तुमीच लिव्हा. मला निस्ता वरचा इंग्रजी पत्ता करू द्या." म्या म्हणलं, पत्ता पण पुढच्या वर्षी काढून घेते की न्हाई बगा.

अक्षरं जरा उताराला लागल्यावानी पळायलीत, पण तुला वाचायला यील. आता कुणापुढं तोंड वेंगाडायचं काम न्हाई. आधी कसं, लिहिणाऱ्याला सांगायचं अन् तो मधलं मधलं खाऊन टाकायचा. तुझा बाप तर "सगळे मजेत" एवढ्यात माझं अर्धं बोलणं उडवायचा.

इकडं कापसाची वेचणी चाललीय. तुझी माय सकाळीच जाती. पंचफुला मॅट्रिक झाल्यापासून तिला स्थळं यायलीत, तिला म्हणलं की तोंड फिरवती, पण कान इकडंच असतेत.

आता मुद्द्याचं. तू तिथं करतोस काय? तुझ्या बापाला विचारलं तर म्हणतो, कंप्युटर. म्या म्हणलं कंप्युटर म्हंजे काय, तर म्हणतो मशीन. म्हणलं कुठली मशीन, शिवायची का दळायची? तर चपला घालून बाहीर गेला. माझ्या लिंबाजीलाच ठाव न्हाई, हे मला कळलं. तूच मला कळंल असं लिही. न्हाई कळलं तर चूक माझी न्हाई, तुझी.

तुझी आजी
चांगुणाबाई


डेन्व्हर, अमेरिका,
ता. २ डिसेंबर १९७४

आजी, जयभीम.

तुझं पत्र मी वसतिगृहातल्या सगळ्यांना दाखवलं. मराठी कुणालाच येत नाही, तरी दाखवलं.

आता ऐक. आमच्याकडं एक टोप आहे. जड आहे, म्हणून छताला दांडा लावून टांगलेला आहे. तो डोक्यात घातला की दोन डोळ्यांपुढं दोन छोट्या काचा येतात, अन् त्या काचांत कंप्युटर हिरव्या रेघांनी चित्र काढतो. समज, एका खोलीचं चित्र. तू मान उजवीकडं वळवलीस की दांड्यावरून कंप्युटरला ते कळतं, अन् तो उजवीकडची भिंत काढून दाखवतो. वर बघितलंस की वरचा पत्रा. म्हणजे खोली नसते, पण तू खोलीत असतेस.

अडचण एकच. कंप्युटर हळू आहे. पापणी लवायच्या आत त्यानं कितीतरी वेळा नवं चित्र काढायला हवं, ते त्याला जमत नाही. मान वळते, अन् खोली मागून फरफटत येते. माणसाला गरगरतं. हे चित्र लवकर काढायला लावायचं, एवढंच माझं काम.

२२ एप्रिलला या कामाला पैसे देणारे बाहेरचे मोठे लोक बघायला येणार आहेत. तोवर जमलं तर मला इथं आणखी दोन वर्षं मिळतील अन् डिग्री पुरी होईल. नाही जमलं तर माझी जागा दुसऱ्याला जाईल, अन् मी मे महिन्यात अर्धवट शिकून घरी.

प्रोफेसर म्हणाले, डोळे मिटून आठवेल अशी जागा काढ, म्हणजे चुकलेलं लगेच कळेल. बाकीच्यांनी आपापलं ऑफिस काढलं. मी आपलं घर काढणार आहे. मला मापं पाठव. सगळी.

तुझा चंद्रभान


राणीसावरगाव,
ता. २६ डिसेंबर १९७४

चि. चंद्रभान, जयभीम.

कळलं! पंचफुलाला मीच समजून सांगितलं. ती म्हणली, "आजी, एवढ्या लांब घर कसं जाईल?" म्या म्हणलं, घर जात न्हाई बये, रेघा जातेत.

मापं घेतली. मी हातानं मोजायले अन् पंचफुला कोळशानं भिंतीवर लिहायली. पुढची खोली लांबीला नऊ हात, रुंदीला सात हात एक वीत. हात म्हंजे माझा. तुझ्या बापाचा हात धरशील तर घर आबासाहेब पाटलाएवढं होईल अन् गावात भांडण लागंल. म्हणून या पाकिटात एक दोरा घातलाय, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. तो माझा हात. त्यानं मोज.

तू म्हणला सगळी, म्हणून सगळी लिहिते. उतरंडीत मडकी सात, पाचव्याचा काठ उडालेला. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड अकरा. खाटेचं सुंभ पायथ्याला ढिलं, तिथं माझी पाठ बुडती. फोटोच्या भिंतीला खिळे तीन, त्यातला एक मोकळाच हाय, तुझ्या आज्याच्या पागोट्याचा. दाराबाहीर लिंब. त्याची पानं मोजली न्हाईत. मोजू का?

अन् ज्याला गरगरतं त्या सायबाला लिंबू चाटायला दे. यष्टीत मी तेच करते.

आजी


डेन्व्हर,
ता. १८ जानेवारी १९७५

आजी, जयभीम.

दोरा मिळाला. माझ्या टेबलावर चिकटवून ठेवलाय. त्याच्या मापानं घर उभं केलं. मडकी, दगड, खाट, पागोट्याचा खिळा, सगळं. एकूण चार हजार रेघा झाल्या.

अन् तिथंच अडलं. पाठीमागचं जे दिसत नाही ते कंप्युटर आधीच सोडून देतो, ती युक्ती जुनी आहे. पण समोर दिसतं तेवढंही त्याला फार होतं. मान वळवली की उतरंड अजून जुन्याच जागी, मग धडपडत येते. काल एका विद्यार्थ्यानं टोप काढला अन् बाहेर पळाला. परत आल्यावर त्याला लिंबू दिलं.

प्रोफेसर म्हणतात, सामान कमी कर. मडकी वगळ, झाड वगळ, खाट नुसती चौकट ठेव. पण आजी, ते सगळं काढलं तर खोका उरतो. मग तो कुणाचाही असू शकतो. तीन महिने राहिले. खरं सांगू, मला भीती वाटायलीय.

तुझा चंद्रभान


राणीसावरगाव,
ता. १४ फेब्रुवारी १९७५

चि. चंद्रभान, जयभीम.

भिऊ नको. तुझी मशीन जरा बाजूला ठेव अन् हसून घे. आधी गोड बातमी सांगते, मग माझी फजिती.

पंचफुलाला बघायला पाथरीचे पाहुणे येऊन गेले. मुलगा बन्सीधर, शाळेवर मास्तर. नाक जरा मोठं हाय, पण नाकानं संसार होत न्हाई.

पाहुणे रविवारी येणार, हे आमाला कळलं शुक्रवारी. भिंती पोतारायच्या होत्या. टेकाडावरून पांढरी माती आणायला निघाले तर गुडघे म्हणले, एकच पाटी. एका पाटीत चार भिंती कशा व्हायच्या? म्या डोकं चालवलं. आपल्या घरी पाहुण्याची सतरंजी कुठं पडती? दाराला पाठ, अन् तोंड फोटोच्या भिंतीकडं. बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो हाय ती. बसलेला पाहुणा तीच बघणार. म्हणून तिला दोन हात दिले, घोटून घोटून, अशी की हात लावायला भ्यावं. बाजूच्या दोन भिंतींना एकेक पातळ हात. अन् पाठीमागच्या दाराच्या भिंतीला पोतेरं निस्तं दाखवलं. तुझी माय म्हणली, "आत्याबाई, हे बरं दिसत न्हाई." म्या म्हणलं, "पाहुण्याला पाठीत डोळे असतेत का गं?"

रविवारी आले. संगं बन्सीधरची आत्या, सरजाबाई. बाई अशी की ताकातली माशी ताक न बघता सांगंल. उंबऱ्यातून आत आली, गरकन चारी बाजूला मान फिरवली अन् म्हणली, "घर झक्क ठेवलंय हं!" माझा जीव भांड्यात पडला.

पण कसलं काय! सरजाबाईला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई. जो बोलतो त्याच्याकडं ती डावा कान करून बसती. आता बोलणारी कोण? समोर फोटोखाली बसलेली मीच. माझं तोंड बंद ऱ्हातं व्हय? मी बोलत गेले अन् ती डावा कान माझ्याकडं सरकवत गेली. तिचं तोंड झालं बाजूच्या भिंतीकडं. बसली बघत. चहा संपला तरी बघायली. मग सावकाश वळून दाराची भिंत पण बघितली. अन् भर बैठकीत म्हणती कशी, "चांगुणाबाई, ती फोटोची भिंत आंगुळ करून आली. ही निस्तं तोंड धुवून आली. अन् ती दाराची काय, डोळ्याला पाणी लावून पळत आली का?"

सगळे हसले. बन्सीधर हसला. आतून पंचफुलाचं हसू मला ऐकू आलं, लग्नाच्या पोरीनं असं हसावं व्हय? म्या पण सोडलं न्हाई. म्हणलं, "आक्का, आत येताना चारी बघितल्या की तुमी. तवा झक्क म्हणल्या."

तर म्हणती, "तवा मान फिरायली होती बाई. फिरत्या मानंला काय दिसतंय? पांढरं का काळं, एवढंच. नजर बसली की मग ओघळ दिसतेत."

अन् जमलं बग! जाताना म्हणली, "आमाला काय भिंतीशी सोयरीक करायचीय? पोरगी हसती चांगली."

आजी


डेन्व्हर,
ता. ६ मार्च १९७५

आजी,

जयभीम सरजाबाईला आधी, मग तुला.

तुझं पत्र वाचता वाचता मी ताटावरून उठलो अन् पळत कामावर गेलो. फिरत्या मानेला काय दिसतंय! आम्ही वेड्यासारखे मान फिरत असतानाही उतरंडीच्या पाचव्या मडक्याचा उडालेला काठ काढत होतो. कुणासाठी? तेव्हा कुणाला तो दिसतच नाही.

आता मी प्रत्येक वस्तू तीनदा काढून ठेवलीय. आंगुळ केलेली, तोंड धुतलेली, अन् डोळ्याला पाणी लावलेली. खाट जवळ असली अन् नजर तिच्यावर बसली तर सुंभासकट. लांब असली तर चौकट अन् चार आडव्या रेघा. अन् मान गरकन फिरत असली तर नुसती चौकट. कुठं बसायचं ते पाहुण्यानं ठरवायचं, मी नाही. दांडा मला सांगतो मान किती जोरात फिरतेय ते. चार हजार रेघांचं काम सातशे-आठशेंत व्हायलंय. अन् घरातलं एक मडकंसुद्धा काढून टाकलं नाही. प्रोफेसर पण आता "आंगुळ" म्हणायला शिकले. त्यांच्या तोंडून ऐकायला हवंस.

पण एक खोट राहिलीय. मान थांबली की बारीक रेघा सगळ्या एकदम उमटतात. घर अंगावर आल्यासारखं होतं. बघणारा दचकतो. प्रोफेसर म्हणाले, बाविसाव्या तारखेला असं दचकवलं तर लोक टोप काढून निघून जातील.

म्हणून विचारतो. पातळ हात अन् जाड हात जिथं एकमेकांना भेटतात, तिथं भिंतीवर रेघ पडत नाही का? सरजाबाईला ओघळ दिसले, पण ती रेघ कशी दिसली नाही?

तुझा चंद्रभान


राणीसावरगाव,
ता. २ एप्रिल १९७५

चि. चंद्रभान, जयभीम.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. लग्नाच्या कामात होते म्हणून उत्तर लांबलं, असं लिहिणार होते. तसं एक पत्र लिहिलं पण. मग ते चुलीत घातलं.

लग्न २५ मेला धरलंय, बुद्धपौर्णिमेला. तारीख निघाली तवा सगळे बोटं मोजायले, मी पण मोजली. बावीस एप्रिलला तुझं जमलं न्हाई तर तू मे महिन्यात घरी. म्हंजे पंचफुलाच्या मागं भाऊ म्हणून तू उभा. अन् जमलं तर दोन वरीस तिकडंच. माझे गुडघे बग, डोळे बग. दोन वरीस म्हंजे काय गंगाखेडचा बाजार न्हाई, गेला अन् आला.

तू विचारलेलं मला ठाव हाय, लेकरा. पहिल्या दिवशीच ठाव होतं. अन् मी आठ दिवस तोंड दाबून बसले. मी, चांगुणाबाई, गप्प! तुझी माय विचारायली, आत्याबाई, बरं न्हाई का?

काल तुझी सगळी पत्रं काढून वाचली. एकटीनं, बोट लावून. "मला भीती वाटायलीय" तिथं बोट थांबलं. मनात आलं, म्हातारपणी अक्षर शिकले ते लेकराला अडवायला व्हय? लाज वाटली.

तर ऐक. रेघ पडती, पण कवा? पहिला हात वाळून गेल्यावर दुसरा सुरू केला तर. वाळू द्यायचंच न्हाई. पहिला ओला असतानाच दुसरा धरायचा. अन् जिथं संपवायचं तिथं पोतेरं एकदम उचलायचं न्हाई, हात हलका हलका करत न्यायचा. मग पातळ कुठं सरलं अन् जाड कुठं लागलं, ते पोतारणारीला सुद्धा सापडत न्हाई, सरजाबाईला काय सापडंल.

पंचफुला हे पत्र घेऊन गुरुजीकडं पळत चाललीय. टपाल निघायच्या आत पत्ता व्हायला पाहिजे. तुझ्या तारखेच्या आत पोचावं. मनापासून म्हणायलेय.

आजी


डेन्व्हर,
ता. २४ एप्रिल १९७५

आजी, जयभीम.

तुझं पत्र सोळाला आलं. हातात सहा दिवस होते.

मी मान थांबायची वाट बघत होतो. तीच चूक. तू म्हणालीस तसं केलं. मान हळू व्हायला लागली, अजून ओली आहे, तोवरच बारीक रेघा फिकट फिकट उमटवायला घ्यायच्या. मान थांबेपर्यंत त्या ठळक झालेल्या असतात. कधी आल्या ते कळत नाही. घर आता मानेबरोबर वळतं, आजी. मागून फरफटत येत नाही.

बावीसला लोक आले. त्यांच्यातला एक इतका उंच की दांडा वर घ्यावा लागला. त्यानं टोप घातला. मी म्हणालो, कुठंही बघा. तो उतरंड बघू लागला, मग गरकन वळून लिंब बघितला, मग पुन्हा आत. गरगरलं नाही. दोन पावलं दाराकडं चालला अन् वाकला. आपलं दार बुटकं आहे ना! तिथं दार नव्हतं, नुसती फरशी होती. सहा फुटांचा माणूस मोकळ्या जागेत वाकून उंबरा ओलांडायला लागला. मग प्रोफेसरांनी माझ्या पाठीत असा रट्टा घातला की अजून दुखतोय.

दोन वर्षं मिळाली. लग्नाला येणं होत नाही. पंचफुलाला वेगळं पत्र लिहिलंय, ते लिहायला या पत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

तू आठ दिवस गप्प बसलीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी तुझ्या जागी असतो तर कदाचित अजून गप्पच असतो.

काल सगळे गेल्यावर मी एकटा टोप घालून बसलो. आपल्या खाटेसमोर. मान फिरवली, सगळं जागच्या जागी. फोटो, मडकी, मोकळा खिळा. अन् घरात कुणीच नाही. मग तुला काढायला बसलो. डोकं काढलं, पदर काढला. ती तू नव्हतीस. पुसून टाकलं.

तुझा चंद्रभान


राणीसावरगाव,
ता. २९ मे १९७५

चि. चंद्रभान, जयभीम.

लग्न झालं. पांढऱ्या साडीत पंचफुला अशी दिसली की बन्सीधर त्रिशरण म्हणताना दोनदा अडखळला. मास्तर असून! तुझं पत्र तिनं पिशवीत घातलं, कुणाला दाखवलं न्हाई. निघताना रडली, मग यष्टीची खिडकी अडकली ती उघडंना म्हणून हसायली. भावाच्या जागी पंडित गुरुजी उभे ऱ्हायले. "बहिणीचा भाऊ कुठाय?" असं एकानं विचारलं, तर सरजाबाईच त्याला म्हणली, "त्यो तिकडं माझ्या बोलण्यावर डिग्री करायलाय." आता गावोगाव हेच सांगत फिरंल ती.

तो उंच सायब वाकला, हे तर म्या मांडवात तीनदा सांगितलं. तुझा बाप चौथ्यांदा सांगायला लागला तर चुकीचं सांगायला, म्हणून मलाच सांगावं लागलं. शेजारची पार्वतीबाई म्हणती, "आमच्या पण दाराशी वाकवा की एक सायब." म्हणलं, आधी नातू धाड, मग मापं धाड.

गुडघ्याचं लिहिलं होतं ते मनावर घेऊ नको. ते माझं लबाडीचं होतं, जरासं. चालते मी. काल टेकाडापर्यंत जाऊन आले.

अन् मला काढू नको रं बाबा. घर एका जागी बसतं, म्हणून ते तुला जमलं. मी बसते व्हय? पदर घडीत डोक्यावर, घडीत कमरंला. तोंड तर झोपंत पण चालू असतं म्हणती तुझी माय. अन् माझ्या तोंडावरच्या रेघा काढायला बसली तर तुझी मशीन धूर सोडंल.

हलती बोलती बाई काढायला तुझ्या मशीनला अजून शिकायचं हाय. दोन वरीस काय, जास्तच लागतेल. घाई करू नको, नीट शिकव. ती शिकंस्तोर मी हाय.

तुझी आजी
चांगुणाबाई